कानबाईच्या पाठीमागचं कुलूप

आमच्या गावात आग विझवायला अख्खी गल्ली धावते, पण आग लागू नये म्हणून कोणी जागचं हलत नाही. हे ऐकीव सांगत नाही मी, गावच्या आग-टोळीत राबून सांगते आहे. सुरतेजवळ, कडोदऱ्याच्या पलीकडे, उसाच्या शेतांना लागून आमचं गाव. निम्म्या शेतांत आता यंत्रमागाची खाती, म्हणजे कारखाने, उभी आहेत आणि त्यांत काम करणारे बहुतेक आम्ही धुळ्या-जळगावाकडचे. मोठा बंब हायवेवरच्या ट्रकांतून वाट काढत येतो, आणि आला तरी आमच्या गल्लीत वळत नाही. चिंध्यांचं एक गोदाम जळत होतं तेव्हा तो कोपऱ्यावर उभा राहून नुसता भोंगा वाजवत होता. त्यानंतर पंचायतीनं टोळी काढली. ट्रॅक्टरला जोडलेली पाण्याची टाकी, एक पंप, वाळूच्या बादल्या आणि फुकट राबणारी आम्ही माणसं.

टोळीचे प्रमुख एक गुजराती काका. हजीऱ्याकडे एका कारखान्यात फायर विभागात नोकरी करून रिटायर झालेले. त्यांनी मला टोळीत ओढलं, कारण माझी मेस आहे. "बेन, सगळे कारीगर तुमच्याकडे जेवतात. तुम्ही सांगाल तर ऐकतील," म्हणाले. ऐकतील! डोंबलाचं ऐकतात. मी सांगायचे, विजेच्या बोर्डावर पाणी मारू नका, शेगडीजवळ सुताच्या पिशव्या ठेवू नका, जिन्यात सामान रचू नका. सगळे माना डोलवायचे, भाकरी मोडायचे, आणि हात धुऊन त्याच जिन्यातल्या सामानावरून उड्या मारत वर जायचे.

मग मी एक युक्ती केली. भाजीचा डाव हातात धरून विचारायचं, "बोर्डानं पेट घेतला तर आधी काय?" "मेन बंद." मग वाढायचं. पोपटासारखे बोलायला लागले मेले. मला वाटलं, चला, काहीतरी डोक्यात शिरलं. तर दसऱ्याला एका खात्यात गेले आणि कपाळावर हात मारला. मागांची पूजा झाली होती, हे ठीक. पण भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल बाटलीलाही झेंडूची माळ, हळदीकुंकू, आणि तिच्या दांडीला, खिळीला, नळीला मिळून असा घट्ट नाडा बांधलेला, की वेळ आली तर आधी कात्री शोधावी लागावी. मी ओरडले तर सेठ हसून म्हणाला, "चालशे, बेन." या एका शब्दावर अख्खं सुरत चालतं.

पण ही झाली लोकांची गोष्ट. माझा जीव टांगलेला होता तो माझ्या धाकट्या बहिणीच्या घरात.

ती राहते आमच्याच गल्लीच्या टोकाला. इमारतीत तळाला त्याच 'चालशे'वाल्या सेठचं लूमखातं, मधल्या मजल्यावर सुताचे बॉक्स आणि कापडाचे तागे, सगळ्यात वर बिऱ्हाडं. तिचा नवरा खाली मास्तर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. वर जायचा जिना खात्याच्या मोठ्या बोर्डाला चिकटून. तिथं आग लागली की तो जिना म्हणजे निव्वळ धुराडं, वरच्यांनी उतरायचं कुठून? तर इमारतीला मागून एक लोखंडी जिना आहे. त्याचं दार बहिणीच्या आतल्या खोलीत उघडतं. उघडतं म्हणजे उघडायला हवं. मी पाहत आले ते बाहेरून कुलूप, जिन्यावर सेठचे रिकामे बॉक्स आणि चिंध्यांची गाठोडी, आणि आतून दाराला टेकवलेली गोधड्यांची चळत. त्याच गोधड्यांशेजारी माझी भाची झोपते. सहा वर्षांची आहे, आणि ढोल बडवला तरी उठायची नाही.

मी पाहुण्यांना, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, किती वेळा सांगितलं असेल! "पाव्हणे, तेवढं दार मोकळं करा." ते म्हणायचे, "करतो ना ताई. सेठशी बोलतो." पुढच्या वेळी, "ताई, चोऱ्या किती होतात, मागून कोणी शिरलं तर?" त्याच्या पुढच्या वेळी, "सणवार होऊन जाऊ द्या." शेवटी काकांना घेऊन गेले. त्यांनी सगळं नीट समजावलं, धूर कसा चढतो, माणूस किती लवकर गुदमरतो. पाहुण्यांनी त्यांना चहा पाजला, वाकून नमस्कार केला आणि दार तसंच ठेवलं. पालथ्या घड्यावर पाणी.

बहिणीला भीती नव्हती असं नाही. ती पोरीला उशाशी ओढून घ्यायची, दाराकडे बघायची. पण तोंडातून शब्द काढायची नाही. मी चिडून म्हणायचे, "अगं, तुझं घर आहे, तुझी पोर आहे. बोल की!" ती पोळपाटावरची नजर उचलायची नाही. सासूसमोर तर नाहीच. सासू म्हणजे भला दरारा. त्या मावशींनी एक दिवस मलाच सुनावलं, "तू आगीचं नाव काढू नको वं माय या घरात. वास्तू तथास्तु म्हणते." म्हणजे आग लागली तर ती माझ्या तोंडामुळे!

आणि मग श्रावण आला, म्हणजे कानबाई आली. आमच्या खानदेशी घरांत नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे-नाक काढून, नथ घालून, साडी नेसवून चौरंगावर मांडायची, दिवा लावायचा, रात्रभर गाणी म्हणायची, आणि सोमवारी सकाळी घरच्या सुनेनं चौरंग डोक्यावर घेऊन पाण्यावर न्यायचं. भाऊबंद भुसावळ पॅसेंजरनं पोत्यानं गहू घेऊन येतात, त्याचे प्रसादाचे रोट होतात. बहिणीच्या घरी कानबाईची जागा ठरलेली: आतली खोली, मागच्या दारासमोर. तेवढीच एक भिंत तोंड पूर्वेला करून बसवायला मोकळी. आणि मखर कशाचं? पॉलिस्टरच्या साड्यांचं! दारावर, चौकटीवर, वर छतापर्यंत झिरमिळ्या सोडलेल्या, आणि मध्ये तेवत असलेला दिवा. वर पुन्हा नियम असा, की एकदा बसली की पाठवणीपर्यंत देवीला जागची हलवायची नाही.

मी रविवारी संध्याकाळी गेले आणि माझं डोकंच फिरलं. साडीचं टोक दिव्यापासून वीतभर. मी ते मागे खोचायला हात घातला तर मावशी कडाडल्या, "हात लावू नको!" मी म्हटलं, "मावशी, ही साडी पेटली तर पाणी मारेपर्यंत अख्खं घर पेटेल. पाठीमागचं दार तरी उघडं ठेवा." घरात भाऊबंदांची ही गर्दी, सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "कानबाई समोर असताना आग कशी लागेल?" सगळ्यांना ते पटलं. मग मी वाळूची बादली आणून मखराशेजारी ठेवली आणि तिथंच फतकल मारून बसले. भाऊबंदांच्या पोरांनी तासाभरात त्या वाळूत उदबत्त्या खोचल्या. आता हसू येतं, तेव्हा रडू येत होतं.

सोमवारी सकाळी पाठवणी. डफ वाजायला लागला, बायकांनी फुगड्या घातल्या, आरती झाली. काकाही प्रसादाला आले होते, खाली अंगणात उभे. बहिणीनं चौरंगाला हात घातला. उचलला नाही. पुन्हा हात घातला, आणि खाली बसली. तिची मान डोलायला लागली, अंबाडा सुटला, केस तोंडावर आले. कोणीतरी म्हणालं, "आली, आली!" डफ थांबला.

मी त्या बहिणीला जन्मापासून ओळखते. तिचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही. त्या दिवशी तो खाली काकांपर्यंत गेला.

"मी पुढून जाणार नाही!"

मावशी हात जोडून पुढे आल्या. "काय चुकलं वं माय? सांग."

"माझ्या पाठीशी कुलूप लावलंत! दर वर्षी मला कुलपाला टेकवून बसवता. दार उघडा. मी त्याच वाटेनं जाणार. दर वर्षी त्याच वाटेनं जाणार. माझी वाट अडवाल तर बघा!"

मी दोन वर्षं घसा फोडत होते. काका नोकरीभर शिकलेलं सांगून थकले होते. आणि इथं त्या आवाजावर माणसं अशी पळायला लागली, की एकमेकांच्या पायात पाय! पाहुणे किल्लीसाठी धावले. फळीवर नाही, खिळ्याला नाही, खाली ऑफिसातही नाही. किल्ली हरवून किती काळ झाला, हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. मी तिथं उभी होते आणि रागानं माझे कान तापले होते. आग लागली असती, पोर धुरात पडलेली असती, आणि हा माणूस असाच खिसे चाचपत बसला असता!

शेवटी कोणीतरी मागून जिना चढून गेलं आणि हातोड्यानं कुलूप फोडलं. बॉक्स, गाठोडी हातोहात खाली आली. सेठ 'चालशे' म्हणायलाही पुढे आला नाही, स्वतः दोन गाठोडी उचलली त्यानं. गंजलेलं दार किरकिरत उघडलं. बहिणीनं चौरंग डोक्यावर घेतला आणि तिच्यामागे मावशी, पाहुणे, म्हातारे, पोरंबाळं, मजल्यावरची सगळी बिऱ्हाडं त्या जिन्यानं डफ वाजवत उतरली. काका माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बेन, आ तो पूरी मॉक ड्रिल थई गई." आगीतून बाहेर पडायची अख्खी रंगीत तालीम!

मला आनंद झाला? झाला. पण जळफळाटही झाला. माणसानं सांगितलेलं शहाणपण यांना चालत नाही, केस सोडून सांगावं लागतं.

कालव्यावर पाठवणी झाली. बायका पाय धुऊन परत निघाल्या, बहीण पाण्याशीच बसून राहिली. मी तिच्या पाठीवर थाप मारली. "काय गं बाई, मोठी देवीबिवी झालीस!" तिनं वर बघितलं. चेहरा पांढराफटक. मग आमच्या अहिराणीत, नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली, "ताई, मना आंगमा काहीच येल नव्हतं."

मी म्हटलं, "ते कळलं मला. शाब्बास."

"शाब्बास काय? कानबाईनं नाव लबाडीनं लिधं मी. आते पोरले काही झायं तर?"

मी तिला खूप समजावलं. देवी आई आहे, लेकरासाठी खोटं बोललीस, तिला राग यायचा नाही. ती म्हणाली, "तुले काय माहीत? तू मानतच नहीस." त्याच आठवड्यात पोरीला ताप आला. श्रावणात गल्लीतल्या सगळ्याच पोरांना येतो तसा, औषधानं उतरलासुद्धा. पण बहिणीनं चप्पल सोडली, एक वेळचं जेवण सोडलं. मागचं दार आता मोकळं असतं, जिना मावशी स्वतः झाडतात. आणि त्या दाराशी, पोरीच्या उशाला, माझी बहीण कपाळावर हात ठेवून ताप बघत बसलेली असते. ताप नसतानाही.

मी देवापुढे हात न जोडणारी बाई. पण एका सोमवारी मेस उरकून नारळ घेतला आणि कालव्यावर गेले. आजूबाजूला कोणी नाही हे बघून म्हटलं, "हे बघ कानबाई, ते शब्द माझे होते, दोन वर्षं मीच तिच्या कानाशी घोकत होते. ती नुसती बोलली. काय काढायचं ते माझ्यावर काढ, तिच्या पोरीकडे बघू नकोस." नारळ पाण्यात सोडला. तो जागच्या जागी डुलत राहिला. मी पदर खोचून उभीच होते. इतकी वर्षं सगळ्यांना तेच तेच सांगून दमलेली बाई मी, तिला मात्र पुन्हा पुन्हा सांगत राहिले.