दातानं वाचलेली गंजी

देवळीच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची गाडी शिरली की गाडीवाला आधी रूपरावाचं तोंड बघायचा. चार वर्षांपूर्वीपर्यंत तरी. हा गडी कापसाचा पुंजका चिमटीत धरून हलकेच धागा ओढायचा अन् सांगायचा, "हा उन्हात वेचलेला, हा दवात. अन् हा? बाप्पा, याले तं वाटेत आंघोळ घातली!" गाडीवाला ओशाळून हसायचा. पाणी मारलं की कापूस वजनाला भरतो. पण ओला माल गंजीत, म्हणजे मोठ्या ढिगात गेला, की आतून तापतो, पिवळा पडतो, नशीब फिरलं तर पेटतोही.

मग रूपरावाला महारोग झाला. गोळ्या खाऊन खाऊन बरा झाला, पण रोग जाताना बोटांची जाणीव घेऊन गेला. विस्तव धरला तरी कळायचं नाही.

१९७१ची दिवाळी उलटली अन् दवाखान्याचे महादेवराव त्याला सायकलच्या क्यारेजवर बसवून जिनाकडं निघाले. बऱ्या झालेल्यांना काम मिळवून देणं हीच त्यांची नोकरी.

"बोटांचं आधीच सांगू," महादेवराव म्हणाले.

"नोका साहेब! बिनबोटाचा पारखी कोन ठेवते?"

"लपवलेलं कधी ना कधी वर येते, रूपराव. मी नाई सांगत. पन तू सांगजो."

म्यानेजर ताराचंदनं बरा झाल्याचा दाखला हातात न घेता लांबूनच वाचला. म्हणाला, "आठ दिवस पाहतो. एक गाडी चुकली का रामराम."

कापसातला कचरा वेचणाऱ्या बायांची म्होरकी मनकर्णाबाई. तिनं आपली टोपली उचलली अन् सगळ्या बायांना घेऊन भिंतीकडं सरकली. चहा आला, तो कपही रूपरावाच्या हातात कुणी दिला नाही. कठड्यावर ठेवला.

दोन दिवस डोळ्यांवर निभावले. रंग पाहायचा, कचरा पाहायचा. दुसऱ्या दिवशी सांजवेळी गाड्यांची रांग लागली. ताराचंद ओरडत होता, "जल्दी करा, रूपराव!" त्या घाईत जुन्या सवयीनं रूपरावानं पुंजका चिमटीत धरला, धागा ओढला अन् म्हणाला, "कोरडा." गाडी गंजीवर रिकामी झाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो त्याच गंजीला टेकून भाकर खात होता. खाऊन झाल्यावर गंजीतला एक पुंजका सहज सोलून त्यानं आतली सरकी, कापसाचं बी, दाताखाली धरली. लहानपणापासूनची खोड ती. कोरडी सरकी कशी, कट्ट वाजते. ही वाजली नाही. मऊ पडली, चेंदली. दुसरी घेतली. तीही तशीच.

त्यानं हात कोपरापर्यंत गंजीत खुपसला. बोटं मुकी, पंजा मुका. आणखी रेटला, पार दंडापर्यंत. दंडाला ऊब लागली.

आता काय? गप्प राहिला तर आजचा दिवस पार पडेल, उद्याचाही पडेल कदाचित. अन् गंजीपलीकडं त्या बाया बसलेल्या. एकीनं पोराला तिथंच झोपवलेलं.

तो उठला. तडक म्यानेजरकडं गेला.

"ताराचंदजी, काल सांजची गाडी ओली होती. मी चुकलो. माह्या बोटाईले काई समजत नाई. पयल्या दिवसापासून समजत नाई."

ताराचंदचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मंग काऊन रे दोन दिवस गाड्या पास केल्या?"

"शिव्या मंग द्या. आधी गंजी फोडा! बाया बाजूले घ्या!"

फावडी आली. मनकर्णाबाईनं पोराला काखेत मारलं अन् दुसऱ्या हातानं तीही कापूस उपसायला लागली. कमरेइतकं उकरलं, तशी आतून वाफ आली, आंबूस वासाची. अजून पेटलं नव्हतं. सांजेपर्यंत सारा ओला माल उन्हात पसरून झाला.

रूपरावानं टोपी झटकली अन् फाटकाकडं चालू लागला. अट एका गाडीची होती.

"कुठं निंगाला?" ताराचंद मागून ओरडला. "कसं समजलं तुले ओलं हाये म्हनून?"

"दातानं."

"दात किती हायेत?"

"सगळेच."

"मंग हात खिशात घाल अन् उद्या सकाळी ये. अन् महादेवरावले म्हन, मानूस देतांनी कुठून बिघडला अन् कुठून शाबूत हाये, ते नीट सांगत जा."

"बावा, दात पडले का मंग काय करशीन?" मनकर्णाबाईनं भिंतीपासून टोला हाणला. बाया खिदळल्या.

सकाळी पहिली गाडी आली. मनकर्णाबाईनं तिच्यातला पुंजका सोलला अन् सरकी रूपरावाच्या तळहातावर ठेवली. त्याला काही कळलं नाही. तो गाडीकडंच बघत होता.

"अवो, ठेवली ना हातावर!" ती म्हणाली.

त्यानं खाली पाहिलं. मग सरकी उचलून दाताखाली धरली अन् सारं जिन कान देऊन उभं राहिलं.

कट्ट.