पाटील, के पेला?

माझी माय हातात स्टीलचा पेला धरून उभी होती आणि टेबलामागचा माणूस हसत होता. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होता. त्यानं आतल्या खोलीतून दुसऱ्याला हाक मारली, "अरे, अहीं आव, जो तो!" दुसरा आला. पहिल्यानं त्याला काहीतरी सांगितलं. मग दोघं हसले. आणि माय? मायही हसली. तिला वाटलं, काहीतरी गंमत झाली असेल. चारचौघांत आपण एकटं तोंड पाडून कसं उभं राहायचं, म्हणून पदर तोंडाला लावून तीही हसली.

मायचं ते हसू अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता नीट सांगते. माझी मोठी बहीण बडोद्याला दिलेली. तिला मुलगा झाला म्हणून मायबाबा आणि मी तिच्याकडे गेलो होतो. बाबा रेल्वेत गँगमन, त्यामुळे पास होता. परतताना सुरतेला गाडी बदलायची आणि भुसावळच्या लाईनीनं वऱ्हाडात यायचं. मायनं बडोद्यातच हट्ट धरला. "सुरतीले समुद्र हाय मंते. एक रात थांबू. मले समुद्र पाहाचा हाय." जन्मात काही मागितलं नव्हतं या बाईनं. लुगडंसुद्धा बाबा आणतील त्या रंगाचं नेसायची. बाबा म्हणाले, "थांबू मंग. पासावर थांबता येते." झालं. माय दोन दिवस समुद्राशिवाय दुसरं बोलली नाही.

पण थांबायचं कुठं? तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, सुरतेला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होता. नवागामला खोली. एका खोलीत नऊ माणसं. दिवसपाळीची उठून गेली की रातपाळीची येऊन त्याच गाद्यांवर आडवी व्हायची. तिथं बायामाणसांनी कुठं टेकायचं? स्टेशनजवळच्या लॉजचं नाव काढलं तर माय म्हणे, "लॉजमंदी चांगल्या घरच्या बाया जातात काय बाप्पा?"

मामा आम्हाला घ्यायला स्टेशनवर आला होता. प्लेगनंतर सुरत कशी झाडूनपुसून लख्ख केली ते दाखवत होता, जसं काही सगळं त्यानंच झाडलं. मग बाबांना बाजूला घेऊन त्यानं आम्हाला खोलीवर न नेण्याचं खरं कारण सांगितलं. मी मागेच उभी होते, मला ऐकू आलं.

"भाऊजी, तिकडं खोलीवर मले पाटील मनतात. लूमवर बी. सहा वर्सं झाले. ताई बोलाले लागली का समदं बाहीर येते."

हे त्यानं हसत हसत सांगितलं. बाबा चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

मामानं मात्र तजवीज करून ठेवली होती. त्याच्या सेठची चिठ्ठी. सुरतेजवळ डुमसला एक धर्मशाळा, तिथं सेठची ओळख. धर्मशाळेतून समुद्र दहा मिनिटं चालत. मायला एवढंच पुरेसं होतं. रिक्षात ती पुढे वाकून बसली होती, समुद्र कुठल्या बाजूनं येतो ते बघत.

दुपारचे तीन वाजले असतील. धर्मशाळेच्या टेबलावर मोठं रजिस्टर. मामानं चिठ्ठी दिली. टेबलामागच्या माणसानं ती वाचली, आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "ज्ञाती?" म्हणजे जात. मामा म्हणाला, "मराठी."

"मराठी एटले? पाटील, के पेला?"

मामा तोंड उघडणार तोच माय पुढे झाली. तिला वाटलं, माणूस पाण्याचं विचारतोय. उन्हातून आलोत, पाणी देणार असेल. प्यायला पेला आहे का म्हणून विचारत असेल. तिनं लगबगीनं पिशवीत हात घातला, पेला काढला, पदरानं पुसला आणि त्याच्यापुढे धरला. "हाव, पेला! पेला हाय नं आमच्यापाशी!"

तेव्हा तो हसायला लागला.

मी मामाकडे पाहिलं. त्याचं तोंड लालेलाल झालं होतं. "काय झालं मामा?" मी विचारलं. तो दातांत बोलला, "पेला मंजे ते. गुजरातीत. पाटील का ते लोकं, असं इचारलं त्यानं."

"कोण लोकं?"

"आपण."

घ्या. माझ्या मायनं आपल्या तोंडानं, हसतमुखानं सांगून टाकलं होतं की हो, आम्ही तेच. आणि आता त्यांच्या सोबत हसत उभी होती.

हसून झाल्यावर त्या माणसानं डोळे पुसले. मग तो भला माणूस झाला. हे मला अजून जास्त झोंबतं. त्यानं हाकललं असतं तर परवडलं असतं. तो आवाज खाली आणून हिंदीत म्हणाला, "देखो, सेठ की चिट्ठी है. मुझे कुछ नहीं. रजिस्टर में पाटील लिख दो, ट्रस्टी लोग देखते हैं. बस मटके को हाथ मत लगाना. अपना पेला रखो, पानी ऊपर से डाल देंगे."

आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. चौघांत शिकलेली मीच दिसत होते. डी.एड. झालेली. पर्सला अडकवलेला पेन.

माय आता हसत नव्हती. तिला शब्द कळला नसेल, पण मटक्याचं सगळं कळलं. पेला हळूच पिशवीत गेला. माझ्या जवळ येऊन म्हणाली, "लिही नं पोरी. एका रातीचं तं हाय. समुद्राचा वारा लागून राह्यला, पाह्य."

खरंच लागत होता वारा. ओलसर, खारा. मायचे पाय सुजले होते. खोली समोर दिसत होती. दार उघडं, आत दोन खाटा. माझ्या एका शब्दावर मायला खाट मिळणार होती, सकाळी उठून समुद्र मिळणार होता.

मी नाव लिहिलं. गाव लिहिलं. मग ज्ञातीच्या रकान्यावर पेन थांबला.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते, जी मी तोवर कुणाला सांगितली नव्हती. अमरावतीला डी.एड.च्या होस्टेलात मी दोन वर्षं काढली. आमचं आडनाव असं की कुणालाही लागू पडतं. मुलींनी मला त्यांच्यातली धरली. मी धरू दिलं. एका संध्याकाळी जेवताना एकीनं नक्कल केली. आमच्या लोकांची, आमच्या बोलण्याची, आमच्या बायांच्या चालण्याची. सगळ्या हसल्या. मीही हसले. ताटात बघून हसले, पण हसले. रात्रभर मला स्वतःची किळस येत राहिली आणि सकाळी मी पुन्हा त्यांच्याच सोबत चहाला गेले.

माय न कळता हसली होती. मी कळून हसले होते. त्या टेबलापाशी उभी असताना हे माझ्या एकदम ध्यानात आलं. मामाला नावं ठेवायला मी कोण? तो पोटासाठी पाटील झाला होता. मी कशासाठी झाले होते? चार पोरींनी सोबत चहाला न्यावं म्हणून!

मी लिहिलं. बौद्ध. रकाना लहान होता, अक्षर मोठं काढलं.

त्या माणसानं रजिस्टर ओढून घेतलं. वाचलं. "पानुं बगाडी नाख्युं!" तो ओरडला. पान नासवलंस. त्यानं पट्टी घेतली आणि माझ्या नावावरून, गावावरून, सगळ्यावरून सरळ रेघ ओढली. चिठ्ठी पट्टीच्या टोकानं मामाकडे ढकलली.

"रूम खाली नथी."

"अभी तो थी," मी म्हणाले.

"पाटील के लिए थी."

"पाटील तो कोई आया ही नहीं."

आणि तेवढ्यात बाबांनी काय केलं? हात जोडले. तीस वर्षं रुळांवर घण मारलेले हात. म्हणाले, "लेकरू हाय साहेब, चुकलं."

"बाबा, हात खाली घ्या."

वडिलांना असं मी कधी बोलले नव्हते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घेतले हात खाली. पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरले. माझ्या बाजूनं म्हणून उतरले की माझा राग येऊन, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

बाहेर रस्त्याच्या कडेला माय उन्हातच बसली. मी म्हणाले, "माय, समुद्र काई त्याच्या बापाचा नाही. दहा मिनिटांवर हाय. चाल, पाहून येऊ."

"नाई."

"अवं, त्याच्यासाठीच तं थांबलो आपण."

"मले नाई पाहाचा आता. घरी ने मले."

कितीदा म्हटलं तरी उठली नाही. मामा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मला वाटलं, मारतो आता. "चिठ्ठीत माहं नाव होतं," तो म्हणाला. "माह्या पोटावर पाय देला तुनं." मग रिक्षा बघायला गेला. ती रात्र आम्ही सुरत स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये काढली. सकाळच्या गाडीत माय भुसावळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

आणि मामाचं व्हायचं ते झालंच. महिन्याभरात सेठच्या कानावर गेलं. सेठनं काढलं नाही, पण लूमवरच्यांनी डबा खायला वेगळं बसवलं. खोलीवरच्यांनी गादी बाहेर टाकली. तो भेस्तानला गेला, दुसरीकडे लागला. तिथं कुठलं नाव सांगतो, मला माहीत नाही. माझ्या लग्नाला आला नाही. त्याचं नुकसान माझ्या हातानं झालं. मी हे नाकारत नाही. रडतही नाही. सहा वर्षं जे त्याच्या ताटात जेवले, त्याची गादी बाहेर टाकणारे हात त्यांचे होते, पण त्यांचा हिशेब कुणी मागत नाही. माझाच मागतात.

मी पुढे मास्तरीण झाले. पहिल्या गावात खोली शोधायला गेले तेव्हा घरमालकिणीनं भाडं सांगायच्या आधी मीच माझं सांगितलं. तिनं दार लावलं. दुसरीनं लावलं. चौथ्या दाराला खोली मिळाली. चार दारं फिरायची ताकद मला आहे. खोट्या नावाच्या खोलीत झोपायची नाही.

माय आता माझ्याकडेच असते. थकली आहे. तिनं समुद्र अजून पाहिलेला नाही. कधीतरी भाजी निवडता निवडता म्हणते, "एक रात गप राह्यली असती तं काय बिघडलं असतं वं तुहं?"

मी तिची समजूत काढत नाही. तिला तोंडावर सांगते. माय, उद्या पुन्हा जाऊ. पुन्हा रजिस्टर पुढे आलं तर पुन्हा तेच लिहीन. तू सोबत असलीस तरी लिहीन. तुला पुन्हा उन्हात बसावं लागलं तरी लिहीन.