एसी दुपारीच काऊन बंद पडे

दुपार झाली का आमचा एसी थंडी सोडनं बंद करे, अन् दोष माह्यावर ये. सकाळी बरोबर, रात्री बरोबर, दुपारीच नाई. आमी आदिलाबादले किरायाच्या घरात राहतो, खाली दोन खोल्या, वर गच्ची, एसी आतल्या खोलीत. हौसेनं नाई घेतला तो. मागच्या उन्हाळ्यात लेकराले ताप चढला अन् झटका आला, डोळे वर गेले, दातखीळ बसली, हातपाय असे ताठ झाले का मले वाटलं गेलं माहं लेकरू, ऑटोत त्याले उराशी धरून दवाखान्यात कशी पोचली मले आठवत नाई, पायात चप्पल नव्हती एवढंच आठवते. डॉक्टरीनबाई म्हनली, याले तापू देऊ नका, थंड जागेत ठेवा. मंग लेकराच्या बाबानं एसी लावला.

यंदा सासू गावाहून आल्ती, भीमपुराकडून, वाळवन करायले. गावात माकडं लय झाले, वाळत घातलेलं काई ठेवत नाईत, म्हून गहू इथं आनले, भिजवले, चीक शिजवला, अन् आमच्या गच्चीवर कुरोड्या टाकनं सुरू झालं. पहिल्या दिवशी मी संगं होती. दुसऱ्या दिवशी मले पाळी आली. आमच्यात तेव्हा वाळवनाले हात लावत नाईत, सावली पडू देत नाईत, कुरोड्या लाल पडतात म्हनतात. मले गच्चीचा जिनाच बंद झाला. मी खाली, लेकरू खाली, सासू वर.

अन् तेव्हापासूनच दुपारी एसी बिघडे. वारा ये, पन गरम, भातावरचं झाकन काढल्यावर येते तसा.

मी सातवी शिकलेली. रिमोटवरचं इंग्रजी मले येत नाई, पन बर्फाच्या फुलाचं चित्र असलं म्हंजे थंडी, पंख्याचं चित्र म्हंजे नुसता वारा, हे मी पाहून पाहून शिकली. फूल होतं. आकडा चोवीस होता. सेल बदलले. समोरचं झाकन उघडून जाळ्या काढल्या, त्यात धूळ अन् कापसाचा भुस्सा बसला होता, नळाखाली धुतल्या, वाळवून बसवल्या. काई तुटलं तं घरचे काय म्हनतीन, हे भेव होतंच. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी गरमच.

मेकानिक आला संध्याकाळी. त्यानं चालू केला तं एसी असा थंड का सासूनं पदर अंगावर घेतला.

"क्या बी नै हुआ अम्मा," तो म्हनला, "मशीन एकदम बराबर है. बहू को बोलो, रिमोट नक्को छेडना."

झालं. सासूनं रिमोट उचलला अन् कमरेले खोसला.

"सातवी शिकली अन् मशिनी चालवाले निंगाली," म्हने. "आजपासून मी लावीन, मी बंद करीन."

लेकराच्या बाबाकडं पाह्यलं तं ते मोबाईलात पाहून राह्यले. मले राग आला का रडू, मले नाई समजलं. मी लेकरू घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासू एसी लावून वर गेली. मी लेकराजवळ आडवी झाली अन् कान देऊन ऐकू लागली, दुसरं कामच काय होतं मले. एसीचा दुसरा डबा, बाहेर हवा फेकनारा, गच्चीवर हाय, चालू असला का छतातून घर्र असा आवाज ये. घर्र होतं तेव्हा वारा थंड होता. मंग वर बाज ओढल्याचा आवाज आला, सासू अन् शेजारीन बोलून राह्यल्या होत्या, अन् थोड्या वेळानं घर्र बंद. वारा चालू, घर्र बंद, अन् वारा गरम होत चालला. मंग पुन्हा घर्र, जराशीच, अन् पुन्हा बंद. मी उठून बसली. रिमोट तं सासूच्या कमरेले! मी तं बोटबी नाई लावलं! म्हंजे मी नाई बिघडवत. बिघाड वर हाय.

लेकराच्या कपाळाले हात लावला. तापलं होतं. ताप का खोलीचा उबारा, मले कळेना. त्याचा श्वास जोरानं चालला होता अन् मी त्याचे डोळेच पाहून राह्यली, वर जातात का, वर जातात का.

जिन्याजवळ जाऊन हाक मारली. "आत्याबाई! वरच्या डब्याले पाहा ना! बंद पडला!"

"सगळं बरोबर हाय! तू लेकराजवळ बस!"

लेकराच्या बाबाले फोन लावला. ते म्हनले, संध्याकाळी येऊन पाह्यतो. मी म्हनलं, संध्याकाळी तो बिघडत नाई! फोन ठेवला त्यायनं.

मंग मी लेकराचे कपडे काढले, वल्लं फडकं अंगावर टाकलं, दोन्हीकडून उशा लावल्या अन् जिना चढली. मले भेव सासूचं होतं, विटाळाचंबी होतं, खोटं काऊन बोलू, मायनं लहानपनापासून मनात घातलेलं असं एका दुपारी निंगत नाई. पन झटक्याचं भेव मोठं होतं.

वर पाह्यलं अन् मले हसूच आलं, रागाचं हसू. डब्याच्या पंख्यापुढं बाज अशी लावलेली का मधात हातबी जाईना. बाजीवर कुरोड्या. वरून वल्लं लुगडं, एक टोक डब्यावर विटा ठेवून दाबलेलं, दुसरं कठड्यावर, कावळे येऊ नये म्हून. डब्याची सगळी गरम हवा लुगड्याखाली कोंडून कुरोड्या वाळवून राह्यली होती अन् तीच हवा फिरून डब्यात जात होती. डब्याच्या पत्र्याले हात लावला तं तव्यावानी चटका बसला. मानसाचं तोंड दाबल्यावर तो किती वेळ धावन? अन् संध्याकाळी बाज आत गेली का डबा मोकळा. तेव्हाच मेकानिक आल्ता.

"हे कोनं लावलं?" मी म्हनलं.

शेजारीन कौतुकानं म्हनली, "तुह्या सासूची अक्कल पाह्य वं! दोन दिसाचं वाळवन एका दुपारी!"

सासूनं मले पाह्यलं अन् तिच्या हातातला सोऱ्या तसाच राह्यला. "तू वर कशी आली? चार दिवस सरले का तुहे? हो मांगं! माह्या कुरोड्या लाल पडतीन!"

"पडू द्या," मी म्हनलं. "लुगडं काढा आत्याबाई. याच्यानं एसी बंद पडून राह्यला. लेकरू तापलं खाली."

"आमचे लेकरं काय एसीत वाढले?"

"तुमच्या लेकराले झटका आला होता का?"

ती जागची हालली नाई. मंग मीच विटा उचलल्या, लुगडं ओढलं, बाज धरली. पाय भाजून राह्यले होते, बाज जड, मी ओढली तशा दोन-चार कुरोड्या खाली पडल्या. सासू अशी ओरडली का पलीकडच्या गच्चीवरून लोकं पाहू लागले. मी बाज पार कठड्यापर्यंत नेली.

डबा चालू नाई झाला.

"झाली का मेकानिक?" शेजारीन म्हनली. "वाळवनबी विटाळलं अन् एसीबी गेला."

मी डब्यापुढं उभी राह्यली, उन्हात, माहा जीव खाली अन् कान इथं. माह्या मनात आलं, मी चुकली असली तं? मी शिकलेली किती, मले काय कळते? मंग आत काईतरी टक् झालं, पंखा हालला, अन् घर्र सुरू झालं. गरम हवेचा झोत माह्या पोटऱ्याले लागला, मी जिना उतरली का पडली मले मालूम नाई.

वाऱ्याखाली हात धरून बसली. आधी कोमट, मंग बरा, मंग थंड. लेकराचं कपाळ हळूहळू निवलं. त्यानं डोळे उघडले, जागच्या जागी होते ते, अन् पेयाले मांगू लागलं. त्याले अंगावर घेतलं अन् मंग मी रडली.

संध्याकाळी सासूनं सगळं सांगतलं, विटाळासगट. लेकराच्या बाबानं बुट सोडता सोडता म्हनलं, "आईचे पाय धर अन् मिटव."

मी त्यायच्यासमोर आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. म्हनलं, "नाई धरत. चुकली असती तं धरले असते. वर जा, डब्यापुढं हात धरा, तुमाले कळन."

ते वर गेले. बऱ्याच वेळानं आले. पाय धर असं पुन्हा नाई म्हनले. सासू जेवली नाई. मी जेवली, पोटभर. लेकरू पेत होतं माहं.

दुसऱ्या दिवशी नवा चीक शिजला. सासू भगोनं घेऊन वर गेली, बाज ओढल्याचा आवाज आला, मधातच थांबला. मंग जिन्यावरून तिचा आवाज, रागातला.

"कुठं टाकू वं बाज? सांगून टाक, नाई तं पुन्हा नाचत येशीन!"

"डब्यापासून लांब. थांबा, मी दाखवते."

"तू नको येऊ! आज चौथाच दिवस हाय तुहा!"

"येते," मी म्हनलं, अन् लेकरू कडेवर घेऊन वर गेली.