एका सुईचे सोबती

बेंबळीच्या बाजूला आमचं गाव. दुष्काळात माझा थोरला भाऊ रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायचा. ते काम बंद पडलं तसा तो पुण्याकडच्या एका दगडखाणीवर गेला. दिवाळीला आला तेव्हा अंगात नवा शर्ट होता आणि डोळे खोल गेले होते. हात धुताना बाही वर सरकली, तर कोपराच्या खोबणीत काळेनिळे डाग. मी विचारलं तर हसला.

"सुई घेतो गं. दगडानं पाठ मोडती. सुई घेतली की सकाळी उभं राहता येतंय."

"डॉक्टर देतो व्हय?"

"डॉक्टर कुठनं परवडतोय? आमी चौघं मिळून दुखण्यावरच्या औषधाची बाटली आणतो. सुई एकच. एक मराठा हाय, एक लिंगायत, एक मुसलमान. कुणी कुणाची जात इचारत न्हाय. एकाचं झालं की दुसऱ्याला."

हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता, आणि खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. बौद्ध होऊन आम्हाला जमाना झाला होता, तरी पाण्याची टंचाई आली की गावविहिरीवर आमची घागर बाजूलाच बसायची. कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून माय ताटकळत उभी असायची. अशा घरातल्या पोराला त्या तिघांनी आपल्यात धरलं, याचं त्याला केवढं अप्रूप!

पुढं त्याला सुईशिवाय उभंच राहवेना. कामासाठी सुई आणि सुईसाठी काम. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा तो वळकटी घेऊन घरी परतला. खोकला थांबेना, अन्न पचेना. सोलापूरला रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, की एड्स आहे, एकमेकांची सुई वापरल्यानं झालाय. शेजारी बसल्यानं, एका तांब्यानं पाणी प्याल्यानं होत नाही. गावात मात्र रोगाचं नाव तेवढं पोचलं, बाकीचं वाटेत सांडलं.

आणि बोललं कोण? आमच्याच वस्तीतल्या बायका. "मावशी, तुमची घागर जरा बाजूला ठिवा," आमच्या दारापुढच्या हापशावर मायला म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्यावर बेतल्याशिवाय माणसाला कळत नाही म्हणतात. यांच्यावर तर जन्मभर बेतलं होतं!

भाऊ बाजेवरून सगळं ऐकत होता. दुपारी त्यानं पाणी मागितलं. मी तांब्या पुढं केला, तर घेतला नाही. भिंत धरत उठला, उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला आणि ओंजळ तोंडाशी धरली.

"वरनं वत," म्हणाला.

माय चुलीपासून उठली. माझ्या हातातला तांब्या घेतला, तोंडाला लावून दोन घोट प्याली आणि तोच त्याच्या हातात दिला.

"माझ्या घरात ओंजळ धरायची न्हाय."

तो रडत रडत प्याला. तांब्या रिकामा झाला तरी त्यानं तो तोंडापासून काढला नाही.