केळीच्या वखारीतला संगणक

जळगावच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी बरीच वर्षं सदर लिहिलं. सुरुवातीला त्याचं नाव 'बिघाड आणि दुरुस्ती' होतं. माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे लिहायला डोकं लागत नसे. आठवड्यात जो रेडिओ छळेल त्याच्यावर लेख. सेल फुटून गंज चढला तर काय, काटा फिरवायची दोरी तुटली तर काय. मला शॉक बसला तर तेही लिहायचो, आणि तो लेख हमखास चांगला व्हायचा.

मग घरोघर टीव्ही आले आणि माझ्या डोक्यात हवा गेली. सदराचं नाव मी 'तंत्रयुग' करून घेतलं. शेजारी माझा फोटो छापून येऊ लागला. त्यातला टाय फोटो स्टुडिओचा, गाठही स्टुडिओवाल्याचीच. नव्वद साल उलटेपर्यंत मला सोल्डरिंगच्या गोष्टी हलक्या वाटायला लागल्या. स्टेशनवरून इंग्रजी मासिकं आणायची, त्यातलं निम्मं कळायचं, आणि न कळलेलं निम्मं मी जास्त ठामपणे लिहायचो. संगणकावर तर लेखांची माळच लावली. तोवर मी संगणकाला हात लावलेला नव्हता. एका बँकेत काचेआडून पाहिला होता, तेवढीच ओळख.

अशाच एका मे महिन्यात रावेरचे एक नाना दुकानात आले. साठीचे, केळीचे शेतकरी, पहिल्या लेखापासूनचे माझे वाचक. माझा प्रत्येक लेख कापून ते वहीत चिकटवत. वही काखेतच होती.

"भाऊ, आमच्या बाजार समितीनं संगनक घेतला," ते म्हणाले. "सगये नको म्हनत व्हते. मी तुमचे लेख वाचून दाखवले, तवा कुठी तयार झाले. आता तो चालूच व्हत नाही, अन् सगये माह्यावर हसू रायले."

नाही म्हणायची सोय नव्हती. पेचकस आणि टेस्टर घेऊन मी एसटीत बसलो. त्या दोन वस्तूंचा संगणकाशी काय संबंध, हे मलाही ठाऊक नव्हतं.

नानांनी मला समितीच्या कचेरीत नेलं नाही, थेट केळीच्या वखारीत नेलं. केळी पिकवायची ती बंद खोली. उन्हाळा म्हणून आत बर्फाच्या लाद्या रचलेल्या, भिंतींना पाणी सुटलेलं. घडांच्या मधोमध टेबलावर, विणलेल्या रुमालाखाली, संगणक. रुमाल उचलला तर पडदा ओलाचिंब.

"तुमीच लिवलं व्हतं नं, भाऊ?" नानांनी वही उघडली. 'संगणकाला कायम थंडावा हवा. गावातली सर्वांत थंड जागा त्याच्यासाठी राखून ठेवावी.' खाली पेन्सिलीची रेघ. "मंग रावेरात याच्याहून थंड जागा कोनती?"

दारात समितीची माणसं हसू दाबत उभी होती. नाना म्हणाले, "यांच्यासमोर सांगा. चूक माही, का लेखाची?"

चूक लेखाची, एवढंच बोलायचं होतं. मी हवेतली आर्द्रता, परिपथांची संवेदनशीलता असलं काहीबाही सुरू केलं. नाना वही मिटून दाराकडे वळले. "चूक माहीच. मले नीट वाचता आलं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी पेचकस आणि टेस्टर उचलून बाहेर पडलो.

एसटीला वेळ होता. स्टँडवर नानांनी वही माझ्या हातात दिली आणि चहा सांगायला गेले. मी पानं उलटली. पहिल्या वर्षांच्या लेखांवर केळीच्या चिकाचे काळे डाग, बोटांचे ठसे, दुरुस्ती जमली तिथे समासात पेन्सिलीने 'झालं' लिहिलेलं. 'तंत्रयुग' सुरू झालं तिथून पुढची पानं मात्र कोरी करकरीत. वाचलेली असणार, पण ती एक पेन्सिलीची रेघ सोडली तर कुठे हात लागल्याची खूण नव्हती. मला स्वतःचाच राग आला.

त्या रविवारी मी लिहिलं की संगणक मी कधी हाताळलेला नाही, सल्ला माझा चुकला आणि नानांची काहीही चूक नाही. संगणक दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या मेकॅनिकला विचारून पुढचंही लिहिलं: बाहेर काढा, पंख्याखाली पुरता वाळू द्या, तोवर बटण दाबू नका. सदराशेजारचा टायवाला फोटो काढून टाकायला मीच सांगितलं.

महिन्याभराने नाना आले. त्यांनी वही उघडून काउंटरवर ठेवली. तो लेख चिकटवलेला होता, पण डागांमुळे धड वाचता येत नव्हता.

"समितीत हातोहात फिरला," नाना म्हणाले, "म्हनून मयला."

समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'झालं.'