आधी हिला देऊन बघू

ज्वारीची पोती मोजायचा काटा. मालकिणीनं मला त्यावर उभं केलं. आडत दुकानात, भर दुपारी, हमालांसमोर. एकानं वजन मोठ्यानं वाचलं, "अडुसष्ट." सगळे हसले. मी एकोणीस वर्षांची होते.

लातूर नवाच जिल्हा झाला होता आणि दोन वर्षं पाऊस नव्हता. टँकरचं पाणी मी त्या आडत्याच्या घरात तीन मजले चढवायचे. फक्त वापरायचं, पिण्याचं नाही. आम्ही बौद्ध, पिण्याच्या माठाला माझा हात चालत नव्हता. त्यांची लेक माझ्याच वयाची, माझ्याएवढीच जाड. नांदेडचं स्थळ "वजन उतरवा, मग बघू" म्हणून गेलं होतं. घरात खल चालला, व्यायाम करायचा की गोळ्या घ्यायच्या. मालकिणीनं माझ्याकडं बोट केलं.

"ही रोज एवढं पानी चढवती, उतरली का? व्यायामानं काय होत न्हाई. गोळ्या आधी हिला देऊन बघू."

म्हणून तो काटा.

रोज सकाळी ती माझ्या हातावर वरून गोळी टाकायची, शिवायला नको म्हणून. काम जाईल या भीतीनं मी गिळत राहिले. भूक मेली. झोप उडाली. महिन्यात सहा किलो गेले. मग एक दिवस जिन्यात छाती अशी धडधडली की मी घागरीसकट खाली बसले. मालकिणीनं ते बघितलं, आणि पाणी सांडलं म्हणून उलट शिव्या दिल्या.

त्याच संध्याकाळी मालकीण लेकीला म्हणाली, "तुला गोळ्या नको गं माय. जागच्या जागी मारायची सायकल आणू."

दुसऱ्या दिवशी माझ्यापुढं गोळी होतीच. "उरल्यात त्या संपव. वाया कशाला घालवायच्या?"

तेव्हा माझं डोकं फिरलं. माठापाशी माझं अंग वेगळं, आणि औषध बघायला तिच्या लेकीसारखंच? मी हात मागं घेतला. गोळी फरशीवर पडली.

"मी न्हाई घेणार."

"मग उद्यापासून येऊ नको. धाकटीला पाठव तुझ्या."

"ती बी येणार न्हाई."

आईनं आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. आमच्याच गल्लीतली दुसरी पोरगी कामाला लागली. सायकल मारून घामेजलेल्या लेकीच्या अंघोळीचं पाणी ती चढवायची. माझी छाती अजून धडधडते, जिना चढला की. बरी होणार नाही. त्यांना पोरी मिळत राहतील, तेही मला ठाऊक आहे. माझ्या घरातली मिळणार नाही.