सोनगीरच्या लढाईत कोण मरणार?

आमच्या सोनगीरवर आजवर चार वेळा परग्रहावरून हल्ला झाला आणि चारही वेळा आमच्या बाजूचा एकही माणूस दगावला नाही. ही सगळी अभिमन आबांची कृपा. आबा म्हणजे अभिमन पाटील. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट, डाव्या कानानं जरा कमी ऐकणारे आणि आमच्या गावचे एकमेव कादंबरीकार. मी इथल्या शाळेतला निवृत्त मराठीचा मास्तर. आबांच्या कादंबऱ्यांची प्रुफं मी तपासतो.

आबा वीस-बावीस वर्षं फौजेत होते, पण रसदीच्या पलटणीत. ट्रकमधून तांदूळ, डाळ, केरोसीन पोचवायचं काम. त्याचा परिणाम त्यांच्या युद्धांवर झाला आहे. शत्रूचं यान किल्ल्यावर उतरलं, निळा किरण सुटला, बुरूज वितळला, हे सगळं दीड ओळीत उरकतं. मग डाळीचं पातेलं कुठे चढवायचं म्हणजे धूर वरून दिसणार नाही, यावर अकरा पानं. सेनापती शुद्धीवर येताच पहिला प्रश्न विचारतो तो कांदे किती उरले हा. पकडलेल्या शत्रूला पंगतीत बसवायचं तर त्यानं मांडी कशी घालायची, यावर तिसऱ्या भागात एक पूर्ण प्रकरण आहे आणि खरं सांगतो, ते प्रकरण फार चांगलं आहे.

मांडीचा प्रश्न यायचं कारण, शत्रूच्या प्रत्येक पायाला तीन गुडघे. म्हणून त्यांचं नावच तीनगुडघे. असं का, म्हणून मी एकदा विचारलं तर आबा म्हणाले, "गुरुजी, मना दोन गुडघा इतला दुखतस, म्हनीसन दुश्मनले सहा दिधात."

आणि तीनगुडघे दिल्ली-अमेरिका सोडून सोनगीरवरच का येतात? तर आपला किल्ला हायवेच्या कडेला, वरून पटकन दिसतो, असं आबांचं म्हणणं. यावर गावात कुणालाच शंका नाही.

आता कुणी मरत का नाही, ते सांगतो. यात खरा दोष धुळ्याच्या नासीरभाईंचा. नासीरभाईंचा छापखाना लग्नपत्रिकांचा. लग्नसराई संपली की यंत्र रिकामं असतं, तेव्हा ते आबांची कादंबरी छापतात. पहिल्या भागाच्या शेवटी एक पान कोरं राहिलं. नासीरभाईंना कोरं पान बघवत नाही. आबांनी सैनिकांना गावातल्याच चाळीसेक माणसांची नावं दिली होती. ती सगळी नासीरभाईंनी त्या पानावर ओळीनं लावली, वर गणपतीच्या जागी किल्ला, भोवती वेलबुट्टी, आणि मथळा 'आपले शूर सैनिक'.

झालं. पुस्तक गावात आलं आणि लोकांनी ते शेवटून उघडलं.

खानदेशातली लग्नपत्रिका ज्यांनी पाहिली नाही त्यांना हे कळायचं नाही. आमच्या पत्रिकेत नवरा-नवरीचं नाव शोधावं लागतं, कारण उरलेल्या जागेत दीडदोनशे नावं असतात. निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, आशीर्वाद देणारे आणि नुसतेच असणारे. एखाद्या चुलतचुलत्याचं नाव राहिलं, तर तो लग्नाला येतो, अक्षता टाकतो आणि न जेवता निघून जातो. पुढे दोन पिढ्या ते लक्षात ठेवलं जातं. आबांच्या पहिल्या भागात जे नव्हते ते सगळे असेच न जेवता गेले म्हणायचे. मी त्यातलाच. सहा महिने मी त्यांच्याकडे चहाला गेलो नाही. दुसऱ्या भागात मी कॅप्टन झालो, मग गेलो.

चौथ्या भागापर्यंत यादी दोनशे चौदावर पोचली. सुरतेला गेलेली मंडळीसुद्धा सैन्यात भरती झाली. निंबा पाटील सरपंच, ते ब्रिगेडियर. सुगंधाबाई अंगणवाडीत, त्या मेजर. स्वप्नीलनं आपल्या मोबाइलच्या दुकानाच्या पाटीवर 'लेफ्टनंट' रंगवून घेतलं. इतक्या मानाच्या माणसांना मारायचं कसं? तेव्हा तीनगुडघे हजारांनी मरत राहिले आणि आमच्याकडे फार तर कुणाच्या करंगळीला खरचटलं.

यंदा मार्गशीर्षात आबांना जळगावहून एक पत्र आलं. मेघा नावाची कुणी बाई, तिथल्या एका वाचनालयात काम करते, तिनं चारही भाग वाचले होते. पत्र आबांनी मला दाखवलं. बाईनं डाळीच्या प्रकरणाचं कौतुक केलं होतं. शेवटी लिहिलं होतं, "पण तुमच्या लढाईत कुणीच मरत नाही. तुम्ही खरंच फौजेत होता ना?"

मला हसू आलं. आबांना नाही आलं.

"गुरुजी," ते म्हणाले, "ती बाई खरी बोलस."

मग त्या दुपारी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी मला नवलबद्दल सांगितलं. नवल धरणगावचा. दोघं एकाच पलटणीत. लडाखच्या रस्त्यावर नवलचा ट्रक पुढे, आबांचा मागे. वळणावर पुढचा ट्रक दिसेनासा झाला. मागे राहिले ते रस्त्यावर सांडलेले बटाटे. आबांना ते गोळा करायचा हुकूम झाला आणि त्यांनी ते गोळा केले. ते हे सगळं अगदी साध्या आवाजात सांगत होते, आणि मी आपला पत्राची घडी घालत बसलो होतो.

"पाचवा भागमा एक तरी मरी," आबा म्हणाले. "नही ते मी लबाड. फौजनी बी लबाडी करी अन् नवलनी बी."

"मग नवललाच घाला," मी म्हणालो.

"तो एकदाव मरेल शे. त्याले परत नही मारनार."

मी सुचवलं, एखादं परकं नाव घ्या. त्यांनी घेऊन पाहिलं. कुणी एक सुभेदार मोठ्या धाडसानं खंदकात पडला. मी ते पान वाचलं आणि उलटलं. आबांनी माझा चेहरा पाहिला, कागद काढून घेतला आणि फाडला. म्हणाले, ज्याचं कुणाला काही वाटत नाही, त्या मरणाची बातमी होते, दुसरं काही होत नाही.

तेव्हा मरणारा गावातलाच हवा आणि त्याची परवानगी हवी. आबा टोपी घालून निघाले. मीही सोबत होतो. इतकी मजा मी सेवेत असताना कधी केली नाही.

निंबा पाटलांनी आधी चहा मागवला, मग ऐकून घेतलं आणि हात जोडले. "आबा, मनी पोरनं लगीन शे वैशाखमा. मांडवमा कोनी इचारं, ब्रिगेडियर मरी गया म्हनतस, ते काय सांगू?"

सुगंधाबाईंनी पोरांना खाऊ वाटता वाटता एका वाक्यात निकाल लावला. "माले कसाले? मना देरले मारा. तो तसाबी काही कामना नही." त्यांचे दीर पुस्तकात लान्सनाईक आहेत आणि अंगणवाडीच्या शेजारीच राहतात. ते खिडकीतून ऐकत होते. पुढचा अर्धा तास आम्हाला तिथून निघता आलं नाही.

लेफ्टनंट स्वप्नील म्हणाला, मेलेल्या माणसाच्या दुकानात रिचार्ज कोण मारणार. बसस्टँडजवळचा चंदन शिंपी मात्र चक्क तयार झाला. आबांनी त्याला मिठीच मारली. मग त्यानं अटी सांगितल्या. मरताना दोन पानांचं भाषण हवं, तोंडावर जखम नको आणि, "पुढला भागमा माले परत उठाडा." आबांनी मिठी सोडली.

सुरतेहून निंबा पाटलांच्या पुतण्यानं फोनवर होकार दिला. मारा म्हणाला बिनधास्त. तासाभरात त्याची आई आबांच्या ओट्यावर येऊन बसली आणि आबा देवाची शपथ घेईपर्यंत उठली नाही.

असे तीन आठवडे गेले. गावात आबा दिसले की लोक गल्ली बदलू लागले. कुणी म्हणे, यम निघाला यम. आबा खंगल्यासारखे दिसायला लागले. शेवटी एका सकाळी ते माझ्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही शिकेल सवरेल माणूस शेतस."

मी म्हणालो, "आबा, मला रक्तदाब आहे."

आज हे लिहिताना लाज वाटते. कागदावर मरायला रक्तदाबाचा काय संबंध? पण तेव्हा मी खरोखर गोळ्यांची डबी काढून दाखवली होती. आबा उठले. मला राहवलं नाही म्हणून त्यांच्या मागोमाग त्यांच्या घरी गेलो.

ओसरीवर भिकुबाई सुपात तूर पाखडत होत्या. भिकुबाई म्हणजे आबांची बायको. आबा फौजेत असताना शेत, सासू-सासरे आणि दोन लेकी, सगळं त्यांनीच सांभाळलं. कधी शाळेत गेल्या नाहीत, त्यामुळे कादंबरी वाचायचा प्रश्न नव्हता. आमच्या मोहिमेबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी सूप खाली ठेवून म्हणाल्या, "माले मारा."

आबा हसले. "तू कोठे शेस पुस्तकमा?"

"तेच सांगस मी. चार पुस्तकं झायात. बठ्ठा गावनं नाव शे, सुरतवालास्नं शे. मना पत्ता नही."

"तुले काय माहीत?"

"वाचाडी लिधं ना मी."

मग कळलं ते असं. चारही वेळा पुस्तक आल्यावर त्यांनी शेवटचं पान कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. दरवेळी वेगळ्या माणसाकडून, कारण आधीच्या माणसाच्या वाचण्यात एखादं नाव सुटलं असेल, असं त्यांना वाटलं होतं. तिसऱ्या भागाच्या वेळी तो वाचणारा मीच होतो. दोनशे नावं मी मोठ्यानं वाचली होती, माझं जरा जास्तच मोठ्यानं, आणि त्या 'बरं' म्हणून आत गेल्या होत्या. माझ्या काही डोक्यात आलं नाही.

आबा गोंधळून म्हणाले, "पन तू ते घरनी शेस." त्यात त्यांचं काही कपट नव्हतं. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

"घरनी शे म्हनीसन मारा," भिकुबाई म्हणाल्या. "कोनी भांडाले येवाव नही. फक्त नाव पुरं लिखा. भिकुबाई अभिमन पाटील." आणि सूप उचलून पुन्हा पाखडायला लागल्या.

तीन आठवडे मरणासाठी दारोदार हिंडलेल्या माणसाला आता मरण घरबसल्या मिळालं होतं, आणि त्यांना काही लिहिता येईना. पंधरा दिवस एकही पान आलं नाही. मी विचारलं की म्हणत, शाई सुकली. आबा बॉलपेननं लिहितात.

मग एक दिवस वही आली. एकोणिसावं प्रकरण. किल्ला वेढलेला, वर दोनशे चौदा माणसं उपाशी. कुणी खाली उतरायला धजत नाही. गावातून एक बाई डोक्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरींची पाटी घेऊन दगड-दगड चढत येते. पाटी दरवाजात पोचते. मग ओळ येते, 'भिकुबाई अभिमन पाटील हिला तिथेच मरण आले.' निळ्या किरणाचंसुद्धा वर्णन नाही. पुढे दोनशे चौदा माणसं त्या भाकरी कशा वाटून घेतात ते आहे. कोरडी, पाण्याशिवाय, प्रत्येकाला चतकोर. कॅप्टनलाही चतकोर मिळतो. तो कॅप्टन मी. मी चष्मा पुसला आणि चूक शोधायला लागलो, कारण काहीतरी करायला हवं होतं.

चूक सापडली. बाई मरते एकशे बेचाळीस पानावर. एकशे चव्वेचाळीसवर हवालदार, म्हणजे आबा स्वतः, थकून दगडाला टेकतो, 'तेवढ्यात भिकूने चहा आणून दिला.' एकशे अठ्ठेचाळीसवर पुन्हा चहा. एकूण पाच ठिकाणी. मेलेली बाई लढाई संपेपर्यंत चहा देत होती.

वही घेऊन मी आबांकडे गेलो. ते ओसरीवर बसले होते. मी ती पानं त्यांच्यापुढे धरली. "आबा, ही गेली ना?"

"हाव."

"मग हा चहा कोण देतंय?"

आबांनी पान वाचलं. दुसरं वाचलं. "ध्यानमाच उनं नही," ते म्हणाले. मग पान उलटत, "नवल गया तव्हय बी आसंच व्हयनं. महिनाभर मी लंगरवर चहाना दोन मग लई जाऊ."

मी म्हणालो, राहू द्या, वाचणाऱ्यांना कळणार नाही. खोटं बोललो. आबांनी मान हलवली आणि पेन मागितलं. पहिला चहा त्यांनी सरळ रेघ मारून खोडला. दुसरा खोडला. तिसऱ्याला रेघ मध्येच थांबली.

"भिकू," त्यांनी हाक मारली.

आतून उत्तर आलं नाही. मागच्या दारी भांडी घासल्याचा आवाज येत होता, पण तो आबांच्या कानापर्यंत पोचत नव्हता. ते पेन टाकून उठले आणि दारापर्यंत गेले. गावानं कधी ऐकली नसेल अशा आवाजात ओरडले, "भिकू!"

भिकुबाई राखेनं भरलेले हात तसेच घेऊन बाहेर आल्या. त्यांनी आबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं.

"मी ते मरी गऊ ना," त्या म्हणाल्या, "आते हाका काबर मारतस?"